ओळखीचं गिऱ्हाईक

एप्रिलच्या उन्हात कॉलेजच्या फाटकाशी रोशनने जिला अडवलं, तिचं तोंड दुपट्ट्यात पार गुंडाळलेलं होतं; दिसत होते ते फक्त डोळे. त्या डोळ्यांना त्याने दहा मिनिटं समजावलं, की उमरेडच्या हातमागाचा दुपट्टा घाम कसा टिपतो, गाडीवर उडत कसा नाही... तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी तुझ्याच वर्गातली मेघा आहो गा," ती म्हणाली. "मले विकून चालणार नाही."

रोशनची कानशिलं तापली. मेघाला तो तिथेच आवडला होता; पण हे तिने स्वतःलाही बरेच दिवस कळू दिलं नाही.

उद्योजकता शिकवणाऱ्या कुसुमताई फळ्याला हात लावत नसत. वर्गात धंदा शिकणं म्हणजे काठावर बसून पोहणं, असं त्यांचं मत. जोडीजोडीने तीन आठवड्यांत दहा अनोळखी माणसांना काहीतरी विकायचं, आणि प्रत्येकाने ते का घेतलं ते वहीत लिहायचं. ओळखीच्याने घेतलं तर ती विक्री नव्हे, आहेर. रोशनने जोडीला मेघालाच विचारलं. तिच्या वडिलांची लकडगंजात लाकडं कापायची आरा मशीन. बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती.

रोज चारनंतर दोघं सदर बाजारच्या फुटपाथवर चादर अंथरून बसत. पहिल्या आठवड्यात दोन दुपट्टे गेले, दुसऱ्यात एकही नाही. उमरेडला घरी गेल्यावर, दुपट्टे विणणारे त्याचे बाबा रोज विचारत, लोक काय म्हणून राहिले? एसटीत चढताना रोशन हसून हात हलवायचा, पण त्याचं उतरलेलं तोंड मेघाला खिडकीतूनही दिसायचं.

मग तिने नको तो उद्योग केला. पुष्पलता मावशी, तीन मामेबहिणी आणि चार मैत्रिणी, सगळ्या तोंडं बांधून एकेक करत सदरला पाठवल्या. नागपूरच्या उन्हात तोंड बांधलेल्या बाईचा कुणाला संशय येणार! मावशीने तर वर घासाघीसही केली. रोशन पढवलेली उत्तरं मन लावून लिहून घेई. त्याचा फुललेला चेहरा मेघा बघत राही, आणि त्याने वळून पाहिलं की चादरीच्या सुरकुत्या काढू लागे.

शुक्रवारी तो धावतच आला. दहा पूर्ण झाले म्हटल्यावर बाबा पंचे विणायचं पक्कं काम परत करणार होते. उद्या मागावर पन्नास दुपट्ट्यांचा ताणा, उभे धागे, चढणार होता.

मेघा गप्प राहिली असती तर रोशन असाच हसत राहिला असता, पण त्याच्या बाबांचं काम बुडालं असतं. तिने सगळं सांगून टाकलं.

रोशनने आधी उमरेडला फोन लावला. ताणा चढवू नका, पंच्यांचं काम ठेवा, एवढंच म्हणाला. मग वही उघडून एकेका ओळीवर काट मारू लागला. मेघाला वाटलं, झालं... संपलं.

"असं काहून केलं?"

"तुझं उतरलेलं तोंड मले पाहवत नव्हतं."

पेन थांबलं. "पहिले दोन खरे, हे तुझे सात झाले. दहावा कोणाचा?"

"तो... माझ्याजवळ आहे. मैत्रिणीच्या हातून मीच मागवला. तो आहेर नाही गा — मले पाहिजे होता."

रोशनने त्या ओळीवरचं जुनं कारण खोडलं. "मंग खरं सांग. काहून घेतला?"

"विकणारा आवडला."

"विणणारा? बाबा?"

"विकणारा, गा."

त्याने ते जसंच्या तसं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

"पण तू तं ओळखीची," तो हळूच म्हणाला. "कुसुमताई धरणार नाहीत."

"त्यायनं नाही धरलं तं नाही," मेघा म्हणाली. "तू धर."

रोशनने पेन खिशात ठेवलं आणि तिचा हात धरला.