पुतळ्याची पापणी

नेहमीच्या तपासनीस बाईंचा पाय मुरगळला नसता, तर त्यांच्या बदली म्हणून तिने त्या खोलीत पाऊलही टाकलं नसतं. काळे पडदे, बोचरी थंडी आणि मोठ्या पडद्यासमोर एकटाच बसलेला तो. जुन्या सिनेमांची एकेक फ्रेम घेऊन तिच्यावरची धूळ, ओरखडे, डाग काढायचं त्याचं काम. ऑफिसात त्याला सगळे ‘पुसणारा’च म्हणायचे. त्याने मान वर न करता रिकामी खुर्ची पायानेच तिच्याकडे सरकवली. उद्धट आहे, तिने मनाशी ठरवून टाकलं... पण तिने नुसते खांदे आवळले, तर त्याने उठून मुकाट्याने गार वाऱ्याचा झोत दुसरीकडे वळवला. मग तिने ठरवलेलं जरा सैल केलं.

पाचच्या आत सिनेमा पाहून तिला सही करायची होती. सही झाली की हीच प्रत सगळीकडे जाणार. आणि तो परवा हे शहर सोडून पुढच्या कामावर.

सिनेमा होता घड्याळजीच्या मुलीचा आणि शापाने दगड झालेल्या राजपुत्राचा. जुनं, हाताने रेखाटलेलं कार्टून. लहानपणी आत्याबरोबर तिने तो इतक्यांदा पाहिला होता की शेजारपाजारचे हसायचे. “अगं, पुतळा आज काही नवीन बोलणार आहे का?” असं आत्या दरवेळी विचारायची, आणि तिच्याआधी चपला घालून दारात उभी राहायची.

रंग असे उजळले होते, की आपण कामावर आहोत हेच ती विसरली. मुलीने पुतळ्याच्या पायाशी दिवा ठेवला, पाठ फिरवली, जायला निघाली... इकडे खुर्चीत ती श्वास रोखून बसली. काहीच घडलं नाही.

“थांबवा. त्याची पापणी लवली नाही.”

“कोणाची?”

“पुतळ्याची.”

तेव्हा कुठे त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “दगडाची पापणी लवत नसते, मॅडम.”

मग त्याच्याच बोलण्यातून उलगडा झाला. तिथल्या तीन फ्रेममध्ये पुतळ्याचा डोळा काळवंडलेला होता. डाग समजून त्याने त्यावर आधीच्या फ्रेममधला स्वच्छ डोळा बसवला होता, आणि कुणाला शोधून सापडणार नाही म्हणून स्वतःवर खूशही झाला होता. शाप तर शेवटी उतरतो, मग मधेच पापणी कशी लवेल, हा त्याचा हेका. लहानपणीच्या आठवणींवर कोण विसंबतं?

“मुलगी पाठमोरी असते,” ती म्हणाली. “तिला कधीच कळत नाही. आपल्याला कळतं... म्हणून तर पुढे आपण जीव मुठीत धरून बसतो. तेवढं गेलं, तर उरला नुसता दगड आणि दिवा.”

तो ऐकेना. शेवटी तिने आत्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला, आणि एवढंच विचारलं, की राजपुत्राला ती मुलगी आवडायला कधी लागते?

“दिवा ठेवून वळते तेव्हा. पापणी लवते ना त्याची,” आत्या तडक म्हणाली. “पण हे कामाच्या वेळी कशाला? शेजारी कोण आहे?”

“सिनेमा साफ करणारे आहेत, आत्या.”

“लग्न झालंय का त्यांचं?”

तिने घाईघाईने फोन बंद केला. जरा उशिराच.

“नाही झालेलं,” तो पडद्याकडे पाहत म्हणाला. कान मात्र लालबुंद.

त्याने न पुसलेल्या मूळ फ्रेम काढून मोठ्या केल्या. डाग नव्हताच तो. अर्धी मिटलेली पापणी, पूर्ण मिटलेली, पुन्हा अर्धी... कुणीतरी केस न् केस हाताने काढलेला.

“सव्वा लाखाच्या वर फ्रेम पुसल्या मी,” तो हळूच म्हणाला. “सिनेमा एकदाही पाहिला नाही.”

तीन फ्रेम परत बसवल्या. आपली चूक त्याने अहवालात स्वतःच्या हाताने लिहिली. इतकं उघड लिहायची गरज नाही, असं ती म्हणाली, पण त्याने ऐकलं नाही. पाचला दहा कमी असताना तिने सही केली. आता निघायला हवं होतं, पण ती परत खुर्चीत टेकली. आता पाहायचा, म्हणाली, मधे न थांबवता. बटणांना हात लागू नये म्हणून तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला, शाळकरी पोरासारखा.

दिवा ठेवला गेला, मुलगी वळली... आणि शेजारी कुणीतरी दबक्या आवाजात हसल्यासारखं झालं, की हुंदका होता तो? ती पडद्याकडे पाहतच नव्हती.

सिनेमा संपला. उजेड झाला तरी तो उठेना.

“सहा महिन्यांचं काम आहे तिकडे,” तो म्हणाला. “आज सकाळपर्यंत जायची घाई होती. आता... जिवावर आलंय. राजपुत्राला बोलता येत नव्हतं, मला येतं. तुम्ही मला आवडलात.”

तिने पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली.

“परवाची गाडी किती वाजता?”

“सकाळी सातला.”

“येईन मी सोडायला. पण परतीचं तिकीट आधी काढायचं. आत्ता... माझ्यासमोर.”

त्याने खिशातून फोन काढला.

“कुठल्या तारखेचं?”

तिने फोन त्याच्या हातातून अलगद काढून घेतला आणि पुढच्याच शनिवारची तारीख भरली.