यादीतलं पाचवं नाव

२००४च्या ऑक्टोबरात मी रिटामावशींच्या कॉम्प्युटरवर ईमेलची चाळणी बसवली. मावशी निर्मळमधल्या आमच्या शेजारी. वाडीतली राजेळी केळी आणि मोगरा विकायच्या. मी वसईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. त्यांचा मुलगा एल्रॉय मालवाहू जहाजावर इंजिनिअर. कॉम्प्युटर त्यानेच घेऊन दिला होता, पण मावशींना टाइप करता येत नव्हतं. रोज चार वाजता मी जायची, फोनची वायर मोडेमला जोडायची, मेल उतरवून वाचून दाखवायची.

जाहिराती फार यायच्या. तीस-चाळीस उतरल्या की त्यांत कधीतरी एल्रॉयचं एखादं पत्र. म्हणून मी परवानगीची यादी केली. यादीतल्या पत्त्यांवरून आलेलं तेवढं आत. बाकी सगळं बाजूच्या फोल्डरमध्ये. चार पत्ते घातले: एल्रॉय, बहरीनला असलेली त्याची बहीण शर्ली, त्याची कंपनी आणि मी.

"आणि माझं नाव?"

"तुम्ही स्वतःला कशाला लिहाल, मावशी?"

"घर माझं, टीचर. शेजारीण यादीत, आणि मी नाय?"

मी हसून पाचवं नाव घातलं. ही चूक होती आणि मला ती माहीत होती. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालणं पाकिटामागे कुणाचंही नाव लिहिण्याइतकं सोपं असतं. जाहिरातवाले कित्येकदा ज्याला पाठवायचं त्याचाच पत्ता पाठवणारा म्हणून चिकटवतात.

आठवडाभरात मावशींच्या पत्त्यावरून मावशींनाच औषधांच्या जाहिराती यायला लागल्या. ते अपेक्षित होतं. एल्रॉयचं पत्र मात्र अकरा दिवस नव्हतं. शेवटच्या पत्रात, नाताळला घरी येतो, असं त्याने लिहिलं होतं.

बाराव्या दिवशी मावशींच्या पत्त्यावरून दोन वाक्यं आली. इंग्रजी अक्षरांत मराठी.

'एल्रॉय, राजेळीचा लोंगर उतरवला. तुझ्या खोलीत टांगलाय.'

"मावशी, लोंगर कधी उतरवलात?"

"आज सकाळी. तुम्हाला कोण बोललं?"

मी एल्रॉयच्या खोलीत डोकावले. पलंगावर ताणून घातलेली चादर. वर वाशाला केळ्यांचा आख्खा लोंगर, अजून हिरवा. मोडेमची वायर मी आदल्या दिवशी स्वतः काढून ठेवली होती. पत्र कुठून निघालं, कसं आलं, याच्या ओळी प्रत्येक मेलच्या मथळ्यात असतात. या पत्राला मथळा होता, पण त्या ओळी नव्हत्या. असं होत नाही. मी तीनदा पाहिलं.

मग मी ते पत्र मावशींना वाचून दाखवलं आणि पाचवं नाव काढून टाकलं. आता अशी पत्रं बाजूच्या फोल्डरमध्ये पडायला हवी होती. तीन दिवस मी तो फोल्डर एकेक ओळ करून तपासला. फक्त जाहिराती.

चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. नऊ तारखेपासून जहाजाशी संपर्क नाही, शोध चालू आहे. मी ते पूर्ण वाचून दाखवलं. मावशींनी मॉनिटरवरच्या क्रोशाच्या रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"माझं नाव परत घाला."

"त्याने काय होणार, मावशी?"

"तो वाट बघत असेल."

"पण ते लोंगराचं पत्र तुम्ही लिहिलेलं नव्हतं."

"मी कुठे लिहिते? काम करता करता बोलते त्याच्याशी."

मी नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता एकच पत्र उतरलं. एल्रॉयच्या पत्त्यावरून. तारीख त्याच दिवसाची.

'मम्मी, चार दिवस लिहिलं नाहीस. लोंगर जरा वर बांध. उठताना डोक्याला लागतो.'

मी मथळा उघडला. त्यातही त्या ओळी नव्हत्या.

"आलं काय त्याचं?" आतून मावशींनी विचारलं.

"थांबा, उतरतंय," मी म्हणाले.

स्टूल सरकवल्याचा आवाज झाला.

"टीचर, जरा धरायला या."

त्या एल्रॉयच्या खोलीत स्टुलावर उभ्या होत्या. वाशाची दोरी सोडून लोंगर वर ओढत होत्या.

पत्र मी अजून वाचून दाखवलं नव्हतं.

मी स्टूल धरलं. दोरीला पीळ देता देता मावशींनी खाली पाहिलं.

"वीतभर पुरे?" त्यांनी विचारलं.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पलंगाकडे बघत होत्या.