पावत्यांच्या भागातली ओळ

वडनेरच्या कापूस जिनिंगच्या ऑफिसात इला शिरली आणि दारातच थबकली. कॉम्प्युटरसमोर देवेंद्र बसला होता... तोच! सहा वर्षांनी.

"तू काऊन आली?"

"मले लक्ष्मणरावांनी बोलावलं. अन् तुले?"

"मलेही."

मॅनेजर लक्ष्मणराव चहा सांगायच्या निमित्ताने केव्हाच सटकले होते. भारी बेरकी माणूस!

कॉलेज संपल्यावर दोघांनी मिळून इथल्या कापसाच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. सिंदी मेघेहून रोज निघायचं, एसटीत एकाच डब्यातला झुणका खायचा... किती गोड दिवस होते ते! प्रोग्रॅममधला काट्याचा भाग तिचा, पावत्यांचा त्याचा. एकमेकांच्या भागात बोट घालायचं नाही, असा करार होता. मग एके दिवशी देवेंद्र पुण्याला गेला. इलाला न सांगता. ते तिला फार लागलं होतं.

आता, ज्या सॉफ्टवेअरवर तो प्रोग्रॅम उभा होता, त्याच्या कंपनीने अचानक कळवलं होतं – शुक्रवारपासून आमचं बंद. त्याआधी सगळं बाहेर काढून नव्या प्रोग्रॅममध्ये घेतलं नाही, तर ऐन हंगामात काटा अडणार.

"असं मधेच सोडून जातेत का कोणी?" इला फणकारली. "पण लोकायले सवयच असते, न सांगता जायची."

देवेंद्रने तिच्या केसांत अडकलेला कापूस अलगद काढला. "मी सांगून गेलतो, इला."

"कधी?"

"माझा भाग उघड."

सहा वर्षांत पावत्या एकदाही अडल्या नव्हत्या, म्हणून तो भाग तिने कधी उघडलाच नव्हता. आज उघडला. मशीन सोडून देतं आणि फक्त माणसं वाचतात, अशा टिपांमध्ये एक ओळ होती –

'इला, मले तू आवडते. वाचलं की सांगजो. रविवारी पुण्याले चाललो.'

तिचे डोळे भरून आले.

"मले वाटलं, वाचून गप्प राह्यली," तो पुटपुटला.

"अरे येड्या! तूच म्हणालता ना, माझ्या भागात पाहू नको म्हणून?" ती रडता रडता हसली. मग हळूच विचारलं, "अन्... लग्न?"

"झालं असतं तर एका फोनवर पुण्याहून धावत आलो असतो?"

इलाने कीबोर्ड ओढला. त्या ओळीखाली सावकाश लिहिलं – 'आज वाचलं. मलेही तू आवडतो. आता जाऊ नको.'

"हे नव्या प्रोग्रॅममध्ये घ्यायचं?" त्याने विचारलं.

"सगळ्यात आधी," ती म्हणाली, आणि तिने खाली आजची तारीख टाकली.