कोऱ्या जागेतला नंबर

अपघात झाला तेव्हा हिरेवाडी नाक्यावर चाळीसएक माणसं होती. त्यांतल्या सत्तावीस जणांनी मोबाइलवर चित्रण केलं. गाडीचा नंबर मात्र एकानेही पाहिला नाही.

इन्स्पेक्टर पाटोळ्यांनी ती सत्तावीस चित्रणं वैजयंती शेटेला एकामागून एक दाखवली. प्रत्येकात तीच राखाडी व्हॅन, पाठमोरी. मागे रस्त्यावर भाजीची पिशवी, एक चप्पल आणि तिचे बाबा. व्हॅनच्या मागच्या बाजूला, पाटी असते त्या जागी, दुधी रंगाचा एक चौकोन.

"अर्धा मिनिट उभी होती हो गाडी," पाटोळे म्हणाले. "नुसतं बघितलं असतं तरी शेंबड्या पोरालासुद्धा सांगता आलं असतं. ज्याला विचारावं तो म्हणतो, साहेब, शूटिंग घेतलंय ना! घ्या आता शूटिंग."

"पाटी चित्रात येत नाही, हे माहीत असतं सगळ्यांना."

"माहीत आहे की. पण हात सवयीनं वर जातो, आणि डोळे हाताच्या मागनं जातात." पाटोळ्यांनी शेवटचं चित्रण बंद केलं. "राग मानू नका मॅडम, पण हा कायदा तुम्हीच..."

"हो," वैजयंती म्हणाली. "मीच."

अकरा वर्षांपूर्वी गाड्यांचे नंबर सगळीकडे उघडे पडलेले असत. नवी गाडी आली की हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून अख्खं घर फोटोला उभं राही, आणि फोटोच्या मधोमध पाटी चमकत असे. दुकानांच्या, लग्नांच्या, सोसायटीच्या सत्यनारायणाच्या फोटोंत कडेला उभ्या असलेल्या परक्यांच्या गाड्याही येत. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मग एक यंत्रणा निघाली. तिच्यात नंबर टाकला की जगात कुठल्याही फोटोत ती गाडी दिसली असेल तर तो फोटो, ती जागा, ती वेळ समोर येई.

नवऱ्याचा मार चुकवून दुसऱ्या शहरात गेलेल्या एका शिक्षिकेची स्कूटर एका सरबतवाल्याच्या जाहिरातीत कोपऱ्यात दिसली होती. नवऱ्याने त्या कोपऱ्यावरून तिची गल्ली शोधली. बाई वाचली, पण डावा डोळा गेला. तिची वकील होती वैजयंती.

गाडीचा नंबर रस्त्यावर तर सगळ्यांनाच दिसतो, मग त्यात खासगी काय, असं समोरचा पक्ष विचारत होता. वैजयंतीने उत्तर दिलं, "रस्त्यावर तो माणसाला दिसतो, आणि माणूस विसरतो. यंत्र विसरत नाही. आम्ही विसरण्याचा हक्क मागतो आहोत." हे वाक्य पुढे कायद्याच्या पाठ्यपुस्तकात गेलं.

निकालानंतर झाकपाटी आली. पाटीच्या रंगात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असत. कॅमेऱ्यातली चिप हे कण ओळखी आणि तेवढ्या भागातला प्रकाश टिपतच नसे. माणसाला पाटी पूर्वीसारखीच दिसे. कॅमेऱ्याला दुधी चौकोन. महामार्गावरचे पोलिसांचे काही कॅमेरे सोडले तर कुणालाच यातून सूट नव्हती. मग लोक चित्रणात नंबर मोठ्याने वाचून दाखवू लागले. तेव्हा वैजयंती पुन्हा कोर्टात गेली, आणि बोलझाक आली. कुणी गाडीचा नंबर उच्चारला की रेकॉर्ड करणारं यंत्र ती अक्षरं आणि ते आकडे ओळखून तेवढ्या वेळापुरती शांतता साठवत असे. छापील मजकुरालाही तोच नियम लागला. म्हणून या कथेतला नंबर इथे देता येत नाही.

वैजयंतीचे बाबा, विश्वंभर शेटे, दवाखान्यात अडीच तास जिवंत होते.

त्यांनी चौतीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचले. जिन्याखालचे, माडीवरचे, कोंबड्यांच्या खुराड्यामागचे. आकडा एकदा नजरेखालून गेला की त्यांच्या डोक्यात पक्का बसे. शाळेला सुट्टी असली की वैजयंती वही घेऊन त्यांच्याबरोबर हिंडायची. ते एकेक आकडा सुटा करून सांगत, ती लिही, आणि मग ते म्हणत, "परत म्हणून दाखव." परत म्हटल्याशिवाय पुढच्या घरी जायचं नाही, हा त्यांचा नेम होता. लिहिणाऱ्याचा हात चुकतो, म्हणायचे, पण तोंडाने म्हणताना माणूस ऐकतो.

नाक्यावरच्या चाळीस जणांत एकानेच तो नंबर पाहिला होता: विश्वंभरांनी, रस्त्यावर पडल्या पडल्या.

त्यांनी वैजयंतीला बोटाने जवळ बोलावलं. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, आवाज जेमतेम. तिने मोबाइल काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि त्यांच्या तोंडाशी नेऊन धरला. ते बोलत होते तेव्हा ती पडद्यावरची हिरवी रेघ बघत होती. रेघ वरखाली होत होती, म्हणजे सगळं नीट साठत होतं. तेवढं तिला पुरे वाटलं.

नंतर ऐकलं तेव्हा त्यात होतं: "लिहून घे, वैजू." मग चार सेकंदं काहीच नाही. मग, "परत म्हणून दाखव." आणि मग तिचा स्वतःचा आवाज, घाईचा, रडवेला: "हो बाबा, घेतलं रेकॉर्ड. तुम्ही बोलू नका आता."

ते पुढे बोलले नाहीत.

तेराव्यानंतर ती डॉ. यास्मिन मुजावरांकडे गेली. झाकपाटी आणि बोलझाक दोन्ही त्यांच्याच प्रयोगशाळेतून निघालेल्या. दोघींची ओळख कोर्टातली. निकालाच्या दिवशी यास्मिननी तिला जबरदस्तीने दोन प्लेट मिसळ खायला घातली होती.

"या वकीलबाई," यास्मिन म्हणाल्या आणि तिचा चेहरा पाहून उठल्याच. खुर्ची पुढे ओढून त्यांनी मोबाइल घेतला, कानाला लावला, तीनदा ऐकलं.

"काढता येईल?" वैजयंतीने विचारलं.

"नाही."

"झाकलंय तर उघडता..."

"झाकलेलं नाही ते, वैजयंती. नाव आम्ही चुकीचं ठेवलं. तुम्ही भिंतीवरच्या चित्राला चुना फासला तर कधीतरी चुना खरवडता येतो. इथे चित्र काढलेलंच नाही. यंत्राने ऐकलं, ओळखलं आणि सोडून दिलं. तुमच्या मोबाइलमध्ये चार सेकंदांचा कोरा कागद आहे."

"कुठेतरी एखादी चावी ठेवली असेलच ना तुम्ही? सरकारसाठी? कुणासाठी तरी?"

यास्मिननी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि तेच वैजयंतीला सोसलं नाही.

"ठेवणार होतो. कोर्टात तुम्ही म्हणालात, चावी असली की ती आज ना उद्या त्या नवऱ्याच्या हातात जाणारच. बरोबरच होतं ते. ठेवली नाही."

त्यांनी मोबाइल तिच्यापुढे ठेवला. मग यास्मिननी हलकेच विचारलं, "तुम्ही तर शेजारीच होतात. तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"

"मी रेघ बघत होते," वैजयंती म्हणाली.

दोन महिन्यांनी पाटोळे तिच्या ऑफिसात आले. टोपी मांडीवर ठेवून बसले, पाणी प्यायले.

"गाडी सापडली. म्हणजे, एक गाडी सापडली. राखाडी व्हॅन, तीच कंपनी. बॉनेट चेपलंय. मालक सुकुमार चौगुले, प्लायवूडचा व्यापारी. म्हणतो, खांबाला धडकलो."

"खांब दाखवला?"

"दाखवला. खांबाला पोचा आहे. पण तो कधीचा, ते खांब काय सांगणार? आणि गाडी धुतलेली, पुसलेली. आत चिटपाखरू नाही पुराव्याचं."

"अशा व्हॅन जिल्ह्यात किती आहेत?"

"साडेचारशे." पाटोळ्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली, टेबलावर ठेवली आणि बोटाने तिच्याकडे सरकवली. "वीस वर्षं झाली मला या धंद्यात. माणूस तोच आहे. डोळ्याला डोळा देत नाही. फक्त नंबर ऐकलेला एक साक्षीदार पाहिजे. मृत्युपूर्व जबानी, शेजारी पोटची मुलगी, वर वकील. कोण खोटं म्हणेल? तुम्ही फक्त आठवून बघा, मॅडम."

"आणि आठवलं नाही तर?"

"तर फाईल बंद. चौगुले प्लायवूड विकतोय, विकत राहील." ते उठले. "मी काही सांगत नाही तुम्हाला. चिठ्ठी विसरून चाललोय, एवढंच."

अशा साक्षीदाराला उलटतपासणीत कसं सोलायचं, हे वैजयंतीला ठाऊक होतं. तिने आयुष्यभर तेच केलं होतं. तिने दार लावून घेतलं, रेकॉर्डिंग लावलं, आणि 'लिहून घे, वैजू'नंतर चिठ्ठीवरचा नंबर म्हटला. पहिल्या वेळी घाई झाली, शांतता उरली. दुसऱ्या वेळी तिने एकेक आकडा सुटा करून म्हटलं, मीटर वाचल्यासारखं. शेवटचा आकडा संपला आणि लागलीच बाबांचा आवाज आला, "परत म्हणून दाखव."

तिने मोबाइल टेबलावर ठेवला. ती काही मूर्ख नव्हती. तिने स्वतःच्या गाडीचा नंबरही त्याच जागेत म्हणून पाहिला. तोही तंतोतंत बसला. यास्मिनच्या गाडीचाही बसला असता. साडेचारशेतला कुठलाही बसला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाण्यात गेली आणि जबाब दिला.

कोर्टात आधी डॉ. मुजावरांची साक्ष झाली. या चार सेकंदांत वाहनाचाच नंबर उच्चारला गेला याची खात्री काय, असं सरकारी वकिलांनी विचारलं. "शंभर टक्के," त्या म्हणाल्या. "त्याशिवाय अशी शांतता पडतच नाही."

"कोणता नंबर, ते सांगता येईल?"

"जगातलं कुठलंही यंत्र ते सांगू शकत नाही."

मग वैजयंती पिंजऱ्यात उभी राहिली. चौगुले समोर बसले होते. गोरे, घामेजलेले, मांडीवर औषधांची पिशवी. डोळ्याला डोळा देत नव्हते, हे खरं होतं. ते कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हते. त्यांचा वकील कोवळा होता आणि तिच्याविषयीचा आदर त्याला आड येत होता.

"मॅडम, वडील म्हणतात, परत म्हणून दाखव. तुम्ही परत म्हटलं नाहीत. घेतलं रेकॉर्ड, असं म्हणालात. नंबर ऐकला होता, तर म्हणून का नाही दाखवलात?"

हा एकच प्रश्न तिने स्वतः विचारला असता.

"लहानपणापासून त्यांचे आकडे मी ऐकत आलेय," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलेला आकडा मला परत म्हणावा लागत नाही."

न्यायाधीशांनी रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. ती चार सेकंदं आली, आणि तिने आत्ताच सांगितलेला नंबर प्रत्येकाने त्या शांततेत मनातल्या मनात म्हणून पाहिला. तो बसतोय हे तिला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. चौगुल्यांच्या बायकोच्या चेहऱ्यावरसुद्धा.

सात वर्षांची शिक्षा झाली.

व्हरांड्यात पाटोळ्यांनी वाकून नमस्कार केला. "मॅडम, तुमच्यामुळे वाट मोकळी झाली. राज्यात अशा कोऱ्या जागेच्या तीस-चाळीस केसेस पडून आहेत. आता निकालाचा दाखला आहे. साक्षीदार भेटतील."

यास्मिन खांबाला टेकून उभ्या होत्या. पाटोळे जाईपर्यंत त्या थांबल्या.

"रेघ बघत होते, म्हणाला होतात," त्या म्हणाल्या.

वैजयंती हातातले कागद पिशवीत घालू लागली.

"मी कुणाला सांगणार नाही. का नाही सांगणार, ते मला विचारू नका, मलाच कळलेलं नाही. आपण लोकांचे नंबर चोरांच्या हाती लागू नयेत म्हणून एवढा खटाटोप केला. तेव्हा हाती लागायचा तो नंबर निदान खरा असायचा; आता कोऱ्या जागेत कुणीही हवा तो भरील." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "एवढंच सांगा. त्याचीच होती गाडी?"

"हो," वैजयंती म्हणाली.

"कशावरून?"

"बाबांनी सांगितलं."

यास्मिन तिच्याकडे पाहत राहिल्या, मग जिना उतरून गेल्या. त्यांना वाटलं, ही आता आपल्याशीही खोटं बोलू लागली.

तसं नव्हतं. घरी आल्यावर वैजयंतीने बाबांच्या खुर्चीत बसून मोबाइल कानाला लावला. लिहून घे, वैजू. मग ती चार सेकंदं. त्यांत आता शांतता नव्हती. थकलेल्या आवाजात, एकेक आकडा सुटा करत, बाबा चौगुल्यांच्या व्हॅनचा नंबर सांगत होते. दवाखान्यातली ती दुपार आठवली तरी तिथेही ते तोच सांगत होते आणि ती मान डोलावत होती. हिरवी रेघ कुठे दिसत नव्हती. तिने दुसरा एखादा नंबर ऐकून पाहायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. बाबा दुसरं काही म्हणायलाच तयार नव्हते.