रजिस्टरातला जास्तीचा माणूस

"दोन वाजता ऑडिटर येतेय आणि फाइल जागेवर नाही," एवढं बोलून मीनाक्षी साने सुप्रभाताईंच्या सोफ्यावर मटकन बसल्या.

तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सुप्रभा राजवाड्यांनी वीस वर्षं एका विमा कंपनीत खोटे क्लेम पकडले होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून लंडनमधल्या हाउन्सलोतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी स्वतःची तपाससंस्था काढली. संजय त्यांचा भाडेकरू. नागपूरहून आलेला, वर्क व्हिसावरचा सॉफ्टवेअरवाला. ताईंना ड्रायव्हिंग येत नव्हतं आणि संजयकडे गाडी होती, एवढ्या पात्रतेवर तो सहायक झाला होता. त्याला मात्र आपण चांगले डिटेक्टिव्ह आहोत असं मनापासून वाटायचं.

"नीट सांग. कुठली फाइल?" ताईंनी विचारलं.

मीनाक्षीबाई 'आपुलकी' ज्येष्ठ केंद्राच्या को-ऑर्डिनेटर होत्या. चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि गुरुवारी मराठी आजी-आजोबा जमायचे. चहा, गप्पा, दुपारचं जेवण. सगळं एका मोठ्या फंडाच्या ग्रँटवर चालायचं. अट एकच होती : दर बैठकीला किमान पंचवीस ज्येष्ठ हजर हवेत. दर तीन महिन्यांनी तारीखवार हजेरीचा रिटर्न पाठवायचा आणि हजेरीचे सह्या असलेले मूळ कागद सांभाळून ठेवायचे. तपासायला कोणी आलं तर ते दाखवलेच पाहिजेत.

"मंगळवारी संध्याकाळी मी स्वतः फाइल कपाटात ठेवली. आज कपाट उघडलं तर नाही. कुलूप शाबूत आहे. किल्ल्या तिघांकडे. मी, आमचे चेअरमन श्रीनिवास आणि ट्रेझरर अनिश. काल केंद्र बंद होतं, पण कामानिमित्त तिघंही येऊन गेलो."

"आणि संशय तुझ्यावर."

"रिटर्नवर सही माझी आहे ना! श्रीनिवास सकाळी तोंडावर म्हणाले, आकडे फुगवले असतील म्हणून तुम्हीच फाइल गायब केलीत. ताई, फ्रॉडचा शिक्का बसला तर मला या देशात कुठल्याच केअरच्या नोकरीत उभं करणार नाहीत. वय त्रेपन्न आहे माझं. मी काय करू?"

त्यांनी रडू आवरलं. सुप्रभाताई उठून कोट चढवू लागल्या.

केंद्राचं ऑफिस म्हणजे हॉलच्या कडेची चिंचोळी खोली. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीच्या पाठीला कागद चिकटवला होता, त्यावर थरथरत्या पण वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'श्री. ही खुर्ची मोडली आहे. बसू नये.' संजय मुकाट्याने भिंतीला टेकून उभा राहिला.

पहिले आले श्रीनिवास देवधर. निवृत्त इंजिनिअर, कडक इस्त्रीचा शर्ट. सुप्रभाताई चांगल्या खुर्चीवर बसलेल्या पाहून त्यांनी दुसरीवरचा कागद वाचला आणि ते उभेच राहिले.

"मी स्पष्ट बोलतो," ते म्हणाले. "हे सेंटर वॉटफर्डच्या मराठी मंडळात मर्ज करावं हे मी वर्षभर सांगतोय. तिथे प्रॉपर मॅनेजमेंट आहे. इथे सगळा भोंगळ कारभार."

"म्हणजे केंद्र बंद पडलं तर तुमचं काम सोपं होईल?"

श्रीनिवासांचा चेहरा लाल झाला. "मी चोर नाही. मला रीतसर मर्जर हवं आहे, स्कँडल नको."

"रिटर्नचे आकडे कोण मोजतं?"

"ते मला ठाऊक नाही. सही मीनाक्षीबाईंची असते, एवढं मी पाहतो."

ते गेल्यावर संजय कुजबुजला, "ताई, हाच. मोटिव्ह बघा ना!"

"बघितला. पुढच्याला बोलाव."

अनिश टिळक सव्वीस वर्षांचा, जन्म वॉटफर्डचा. एका अकाउंटन्सी फर्ममध्ये ट्रेनी होता, शेवटची परीक्षा तेवढी उरली होती. केंद्राचं काम तो फुकट करायचा. घाईघाईने आत आला, हसून हॅलो म्हणाला, खुर्ची ओढली आणि बसला. पुढच्याच क्षणी खुर्ची कलंडली. तो टेबलाला धरून कसाबसा सावरला.

"ओह गॉड! कुणीतरी सांगायला पाहिजे ना!"

संजयला हसू आवरेना. सुप्रभाताईंना अजिबात हसू आलं नाही. त्या खुर्चीकडे पाहत राहिल्या.

"अनिश, आकडे कोण मोजतं?"

"मीनाक्षी आंटी. ती मला नंबर्स देते, मी फक्त फॉर्मवर टाइप करतो. हॉनेस्टली, तो फाइल मी उघडत पण नाही."

मीनाक्षीबाईंनी दारातूनच हे ऐकलं. "अनिश! अरे, दर तिमाहीला मी फाइल तुझ्या हातात देते, तू मोजून फॉर्म भरतोस आणि मी सही करते!"

"सॉरी आंटी, पण असं नाही होत," अनिश म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता.

एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध. घड्याळात साडेअकरा झाले होते.

हॉलमध्ये टेबलांभोवती गप्पा रंगल्या होत्या. आज काय घडतंय याचा तिथे कोणालाच पत्ता नव्हता. दाराजवळ क्लिपबोर्डवर आजच्या हजेरीचा कागद होता. साध्या रेघांचा कागद, आकडे-बिकडे काही नाहीत. एका रेघेवर एक सही. सगळ्यात वर, पहिल्या रेघेवर, थरथरत्या अक्षरात 'श्री'. खाली सह्यांची रांग, काही मराठीत, काही इंग्रजीत, बऱ्याचशा नुसत्या लपेट्या.

"पहिली सही माझीच असते," क्लिपबोर्डशेजारी बसलेल्या आशाआजी अभिमानाने म्हणाल्या. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, साताऱ्याला शाळामास्तरीण होत्या. केंद्रातली प्रत्येक पाटी त्यांच्याच हातची. "शिस्तीचं काम आहे. इथे आलं की सही, मगच चहा."

"अनिश येतो का तुमच्याशी बोलायला?"

"मंगळवारीच बसला होता की तासभर! ऑडिटवाल्यांना सह्यांसमोर नावं हवी आहेत म्हणे. एकेक सही दाखवून ही कोणाची, ती कोणाची, सगळं लिहून घेतलं. गुणी पोरगा आहे हो."

ताई मान डोलावून स्वयंपाकघरात गेल्या.

तिथे सीमाताई पोळ्या लाटत होत्या. भिंतीवर पुण्याहून आणलेली दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्याखाली, त्याच खिळ्याला, गेल्या वर्षीची म्हणजे २००६ची. आपल्याकडे दुधाचा हिशेब लिहितात तसे दर मंगळवार-गुरुवारच्या चौकोनात पेन्सिलीने आकडे होते.

"हे काय लिहिता?"

"ताटं. किती जण जेवले ते. पुढच्या वेळेला कणीक किती भिजवायची ते कळतं ना. फक्त आजी-आजोबांची हं. आम्ही कामाची माणसं मागाहून जेवतो."

सुप्रभाताईंनी मीनाक्षीबाईंकडून घेतलेल्या रिटर्नच्या ऑफिस-कॉप्या कॅलेंडरशेजारी धरल्या आणि संजयला वाचायला लावलं.

"सात नोव्हेंबर. रिटर्नमध्ये पंचवीस, ताटं चोवीस. नऊ नोव्हेंबर. सव्वीस, ताटं पंचवीस. चौदा नोव्हेंबर. पंचवीस, चोवीस..." त्याने पान उलटलं. वर्षभर तेच. प्रत्येक दिवशी, बरोबर एक जास्त.

"अट पंचविसाची आणि खरी माणसं बऱ्याचदा चोवीसच!" संजय म्हणाला. "ताई, म्हणजे आकडे खरंच फुगवलेत. मीनाक्षीताईंनी..." मग त्याला एकदम सुचलं. "थांबा! उपास! कोणीतरी सही करतं पण जेवत नाही."

"उपासाला मी साबुदाण्याची खिचडी देते, तीही ताटात मोजते," सीमाताई म्हणाल्या.

"मग कोणी घरून डबा आणत असेल."

"माझ्या हातचं सोडून डबा? बिशाद आहे कोणाची!"

सुप्रभाताई पहिल्यांदाच हसल्या. "सगळ्यांना दीड वाजता ऑफिसात बोलाव. आशाआजींनाही. आणि त्यांच्यासाठी बाहेरून एक धड खुर्ची आण."

दीड वाजता चिंचोळ्या खोलीत सात माणसं दाटीवाटीने जमली. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. मीनाक्षीबाईंनी पदर मुठीत घट्ट धरला होता.

"अर्धा तास आहे, म्हणून थेट बोलते," सुप्रभाताई म्हणाल्या. "श्रीनिवास, तुमचं अर्धं बरोबर आहे. रिटर्नमधले आकडे चुकीचे आहेत. वर्षभर रोज एक माणूस जास्त दाखवलाय."

"बघा! मी म्हणत नव्हतो?"

"पण मी वीस वर्षं खोटे आकडे पाहिलेत. खोटं बोलणारा गरजेपुरतं खोटं बोलतो. ज्या दिवशी चोवीस, त्या दिवशी पंचवीस करेल. इथे अठ्ठावीस आले त्या दिवशीही एकोणतीस लिहिलेत. त्याची काय गरज होती? रोज, न चुकता, बरोबर एक. ही लबाडी नाही. ही मोजण्यातली चूक आहे, आणि ती कागदातच बसलेली आहे."

त्यांनी आजच्या हजेरीचा कागद टेबलावर ठेवला.

"संजय, किती माणसं?"

संजयने बोट फिरवत मोजलं. "चोवीस."

"भरलेल्या रेघा किती?"

त्याने पुन्हा मोजलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. "पंचवीस! वरचा 'श्री' धरून."

"तू तो का नाही मोजलास?"

"अहो, तो काय मोजायचा! कोरा कागद सुरू करताना आपण लिहितोच की."

"आपण लिहितो. म्हणून आपल्याला तो दिसतसुद्धा नाही. आशाआजींनी मास्तरकीच्या सवयीने प्रत्येक कागदावर श्री लिहिला आणि त्याखाली सही केली. मीनाक्षीने मोजलं असतं तर तो सोडला असता. श्रीनिवासांनीही. 'श्री' ही एका माणसाची सही आहे असं कोणाला वाटेल? ज्याला मराठी अक्षर वाचता येत नाही त्याला. त्याच्या दृष्टीने सगळ्या लपेट्या सारख्याच." ताईंनी मोडक्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "या खुर्चीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, बसू नये. श्रीनिवासांनी ते वाचलं, संजयने वाचलं. बसला फक्त एक जण."

खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा अनिशकडे वळल्या.

"आजी, मंगळवारी सगळ्यात वरची सही कोणाची असं त्याने विचारलं असेल ना? तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, अरे बाळा, ती सही नव्हे, ते देवाचं नाव," आशाआजी गोंधळून म्हणाल्या. "त्याचा चेहराच पडला. मला वाटलं, पोराला बरं नाही की काय."

"त्या क्षणी त्याला कळलं की वर्षभराचे रिटर्न चुकलेत. दुसऱ्या दिवशी फाइल गेली. फाइल उघडतच नाही म्हणणारा मुलगा आदल्या दिवशी तीच फाइल मांडीवर घेऊन एकेक सही विचारत बसला होता. आकडे त्यानेच मोजले होते."

अनिशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझा मिस्टेक झाला. आय स्वेअर, मला माहीत नव्हतं. पण फर्मला कळलं तर... ट्रेनी अकाउंटंट, फॉल्स रिटर्न... मी फिनिश झालो असतो. फाइल कारमध्ये आहे. मी काही फाडलं नाही."

"आणि मी फिनिश झाले असते तर?" मीनाक्षीबाईंनी विचारलं. आवाज हळू होता, म्हणूनच तो जास्त लागला. "तुझ्यासमोर श्रीनिवास मला चोर म्हणाले, अनिश. तू ऐकलंस आणि खाली बघितलंस."

अनिश पावसात पळत गेला आणि कोटाखाली झाकून फाइल घेऊन आला.

"आता काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा," सुप्रभाताई म्हणाल्या. "माझं काम इथे संपलं. कोणी मोजलं हे मी ऑडिटरला पटवू शकणार नाही. ते मोजणाऱ्यानेच सांगावं लागेल."

दोनला दोन मिनिटं कमी असताना ऑडिटर मिसेस प्रिचर्ड आल्या. काटेकोर, राखाडी कोटाच्या, हातात चेकलिस्ट. संजय दारापाशी उभा होता. अनिश सटकला तर काय करायचं, याचाच विचार त्याच्या डोक्यात चालला होता.

"सुरुवात करण्याआधी," मीनाक्षीबाई इंग्रजीत म्हणाल्या, "आमचे रिटर्न चुकलेत. वर्षभर एक माणूस जास्त लिहिलाय. अट आम्ही बऱ्याचदा पाळलेली नाही. मी न मोजता सही केली."

मिसेस प्रिचर्डनी चष्म्यावरून पाहिलं. "मोजलं कोणी होतं?"

श्रीनिवास खाकरले. मीनाक्षीबाईंनी अनिशकडे पाहिलंही नाही, नावही घेतलं नाही. संजयच्या तोंडाशी नाव आलं होतं, पण ताईंनी त्याचा दंड धरला.

"मी," अनिश म्हणाला. मग उभा राहून पुन्हा, मोठ्याने, "मी मोजलं. आणि काल फाइल लपवली तीही मीच. मीनाक्षी आंटीने काहीच केलेलं नाही."

मिसेस प्रिचर्डनी बराच वेळ लिहिलं. फाइलमधले कागद एकेक काढून पाहिले, पहिल्या रेघेवर काय लिहिलंय ते विचारून घेतलं, संपूर्ण एक तिमाही स्वतः मोजली. स्वयंपाकघरातलं कॅलेंडरही मागवलं. अखेर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"निर्णय माझ्या हातात नाही. रिटर्न दुरुस्त करून पाठवा. अट मोडल्याबद्दल फंड काय ते ठरवेल. फाइल लपवल्याचं मी लिहिणार, ते मला टाळता येत नाही." त्या अनिशकडे वळल्या. "तुमच्या फर्मला तुम्ही स्वतः आधी सांगा." मग मीनाक्षीबाईंकडे पाहत त्या म्हणाल्या, "तुमच्या नावापुढे मी 'चूक' लिहितेय. 'फसवणूक' नाही."

मीनाक्षीबाईंना सकाळपासून आवरलेलं रडू आता आवरेना. आशाआजींनी त्यांना जवळ घेतलं.

मिसेस प्रिचर्ड जरा अवघडल्या. बॅग उचलून त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथे थबकल्या.

"पुढची बैठक कधी?"

"मंगळवारी," मीनाक्षीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण आता... उघडायचं की नाही?"

"फंडाचं पत्र येईपर्यंत तुम्हाला कोणी बंद केलेलं नाही," मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. "उघडा."