आईच्या बोटावरचा मध

केनियातल्या काकुमाच्या निर्वासित छावणीत नळाला पाणी सकाळीच येतं, आणि रांगेत माणसं नसतात, कॅन असतात. त्या दिवशी माझ्या पिवळ्या कॅनपुढं कुणाचा तरी निळा कॅन घुसलेला.

"कुणाचा हा?" मी ओरडले.

"माझा." धुळीनं माखलेला एक उंच मुलगा हसत पुढं आला. "रोबा म्हणतात मला."

रोबा म्हणजे आमच्या ओरोमो भाषेत पाऊस.

"नाव पावसाचं, आणि नळावर घुसखोरी? लाज वाटते का काही?"

"वाटते ना... पण तू भांडायला येशील म्हणून घुसलो. एरवी कुठं बोलतेस?"

असला आगाऊ! मी त्याचा कॅन लाथेनं मागं सारला. घरी पोचेपर्यंत हसू मात्र आवरेना.

मग तो आईच्या कॉफीच्या टपरीवर यायला लागला. "मावशी, एकच कप," म्हणायचा आणि तीन पिऊन जायचा. छावणीतल्याच शाळेत शिकवायचा. कॅनडातल्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीची माझी सगळी तयारी त्यानंच करून घेतली. त्याचं स्वतःचं वय अर्जाच्या पलीकडं गेलं होतं. मी चुकले की वर बघून म्हणायचा, "देवा, हिला रूप दिलंस तेवढं पुरे, आता थोडी अक्कल दे." कप देताना बोटाला बोट लागायचं... आणि आम्ही दोघंही कॉफीकडं बघत बसायचो.

माझी निवड झाली. आई तर टपरी टाकून नाचली! सीमा ओलांडून छावणीत आलो तेव्हापासून तिला असं नाचताना मी पाहिलं नव्हतं. पण शिष्यवृत्तीला अट होती – मुलगी अविवाहित हवी, लग्न ठरलेलंसुद्धा चालणार नाही. आणि लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? कुणीतरी शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेत जाऊन सांगितलं, ओब्सेचं, म्हणजे माझं, रोबाशी ठरलंय म्हणून. चौकशीला संस्थेच्या बाई येणार, असा निरोप आला.

"जाऊ दे ते कॅनडा," मी रोबाला म्हणाले. "खरंच ठरवू या आपलं. मला तू हवायस."

"पुन्हा म्हण."

"तू हवायस."

त्यानं डोळे मिटले. "आणि उद्या आपली पोरंही नळावर कॅनच लावणार?"

"लावू देत!"

 तो कप खाली ठेवून निघून गेला.

बाई आल्या तेव्हा टपरीपुढं सगळे शेजारीपाजारी जमले होते. रोबा गर्दीतून सरळ आईपुढं येऊन गुडघ्यांवर बसला.

"मावशी, मला मध दे."

 आमच्यात बाईनं बोटावरचा मध चाटवला की तो तिचा पोटचा मुलगा होतो. मग तिची मुलगी त्याची सख्खी बहीण... कायमची. ते नातं मोडता येत नाही.

"रोबा, नको ना रे!"

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. आईनं बघितलं, कितीतरी वेळ. मग डोळे पुसले आणि बरणीत बोट बुडवलं.

"झालं, बाई," शेजारचे आजोबा म्हणाले. "भाऊ आहे तो तिचा. आता कसली सोयरीक!"

जायच्या दिवशी माझी बॅग त्यानंच उचलली. बसपाशी ही रांग! त्यानं मला खुशाल सगळ्यांच्या पुढं नेऊन उभं केलं.

"घुसखोर," मी रडत म्हणाले.

"आईची काळजी करू नकोस. मी आहे ना."

"अगं, भावाला निरोप दे," आई म्हणाली. मी तोंड उघडलं. दादा... एवढा एक शब्द, पण तो काही केल्या फुटेना. तशीच बसमध्ये चढले.

इथं कॅनडात आता बर्फ पडतो. मी शिकतेय, पास होतेय. दर रविवारी आईला फोन करते, आणि दर वेळी तोच उचलतो.

"देतो हं आईला," म्हणतो... आणि देत नाही लगेच. मीही 'दे' म्हणत नाही.