गोजरबाईच्या नावाखालचा चौकोन

गोजरबाई सकाळी इंजेक्शननंतर गेली. दुपारी सब-इन्स्पेक्टर धम्मदीप बदलापुरातल्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये आला, तेव्हा कॉम्प्युटरच्या जाड मॉनिटरवर ती अजून होती. वर मुख्य फॉर्म: नाव, वय, पत्ता मांजर्ली. खाली सबफॉर्मचा, म्हणजे त्याला जोडलेल्या ॲलर्जीच्या यादीचा चौकोन, त्यात एकच ओळ. पेनिसिलिनची ॲलर्जी.

"एवढं समोर लिहिलंय," डॉक्टर सुनंदा म्हणाल्या. नर्सिंग होम त्यांचंच. "तरी हिनं पेनिसिलिनची सुई टोचली."

नर्स अस्मिता भिंतीला टेकून उभी होती. डोळे कोरडे, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

"सिस्टर, सुई देण्याआधी हे बघितलंत?" धम्मदीपनं विचारलं.

"बघितलं. चौकोन कोरा होता."

"दुसऱ्या पेशंटचं काही दिसत होतं?"

"नाही सर. काहीच नाही."

आया राजाबाई फडकं पिळता पिळता थांबली. "मी पण होते ना तिथं. वाचता नाय येत मला, पण पांढरं ते पांढरंच दिसतं की."

सुनंदाबाई मॉनिटरकडे वळल्या. "मग वरचा फॉर्म आणि सबफॉर्म जोडणारी लिंक तुटली असणार. नोंद ॲडमिशनलाच केलेली. लिंक जोडल्यावर दिसली. हो ना रे, अनीश?"

नोंदणीच्या टेबलावरचा अनीश कीबोर्डकडे बघत राहिला. "मॅडम बोलतायत तर... असेल."

"आणि कॉम्प्युटर बिघडलेला असताना हिनं मला विचारायला नको?"

धम्मदीपनं खुर्ची ओढली. "अनीश, फाइलची कॉपी कर. त्या कॉपीत ही लिंक तोडून दाखव."

अनीशनं पेशंट नंबरची जोडणी पुसली. फॉर्म पुन्हा उघडला.

चौकोन गच्च भरला. सल्फा. धूळ. वांगं. कोळंबी. सगळ्या नर्सिंग होमची दुखणी एकट्या गोजरबाईच्या नावाखाली.

वर पंखा फिरत होता.

"वरचा फॉर्म म्हणजे आई," धम्मदीप हळू म्हणाला. "खालच्या ओळी तिची लेकरं. पेशंट नंबर हा पदर. पदर धरलेला असला की आईपाशी तिचीच लेकरं. सुटला की साऱ्या आळीची पोरं एका अंगणात. लिंक तुटली तर सगळ्यांचं दिसतं, मॅडम. कोरं दिसत नाही. सिस्टरना कोरं दिसलं. म्हणजे लिंक शाबूत होती, ओळच नव्हती. ती नंतर आली. कुणी टाकली?"

"मी," अनीश म्हणाला. "आजी गेल्यावर. मॅडम बोलल्या, टाक."

"त्यांना कसं ठाऊक?"

"राउंडला आजी त्यांनाच बोलली होती. बाई, पेनिसिलिन मला सोसत नाही. मी मागेच उभा होतो. तेवढ्यात मॅडमना फोन आला. मग त्यांनी तेच इंजेक्शन लिहिलं."

"विसरले मी," सुनंदाबाई म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं.

"विसरण्याचं कलम वेगळं, मॅडम. दुसरीच्या माथी मारण्याचं वेगळं." तो वळला. "सिस्टर, तुम्ही मोकळ्या."

अस्मिता हलली नाही. शब्द तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

"बाहेर आजीची लेक बसलीय," ती म्हणाली. "मॅडमनी तिला सांगितलंय, आजी माझ्यामुळं गेली म्हणून."

"खरं काय ते आम्ही सांगतो."

"मी पण येते. सुई माझ्याच हातातली होती."

आणि ती त्याच्या आधी दाराबाहेर गेली.